मदत हवी आहे: वारीहून परतल्यावर पाय आणि दिनक्रम कसा बसवायचा?
राम कृष्ण हरी, मंडळी. गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातून पंढरपूरला पायी जाऊन आलेल्यांसाठी परतल्यानंतरच्या पंधरवड्याचं टिपण करत आहोत. त्यात भर हवी आहे.

मुख्य अडचण टाचेची. सकाळी उठून पहिली पावलं टाकताना टाच ठणकते, थोडं चाललं की कमी होते, कारण तळव्याचा पट्टा रात्रभर आखडलेला असतो. अंथरुणातच टॉवेलने चवडा 30 सेकंद स्वतःकडे ओढून धरायचा, असं तीनदा. घरात लादीवर अनवाणी फिरणं बंद, मऊ चप्पल हवीच. पण कारखान्यात आठ तास उभं राहणाऱ्यांनी सेफ्टी शूजमध्ये आत काय घालावं? अनुभव असेल त्यांनी नेमकं सांगा.

दुसरं, आपल्याकडे लगेच लावणी. भेगा आणि फुटलेले फोड घेऊन शेतातल्या पाण्यात उतरलं तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) धोका. गमबूट घालाच, ताप अंगावर काढू नका. चिखलात गमबूट रुततात, त्यावर उपाय?

मधुमेहींनी चालणं थांबताच साखर तपासावी. गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

आणि हरिपाठाच्या वेळी घरात जे सुनं सुनं वाटतं, त्यासाठी तुमच्या गावात काय चालतं? नुसतं 'मन रमवा' नको, वार, वेळ आणि देऊळ लिहा.