सोलरला पवनचक्कीची जोड: एकाच चार्ज कंट्रोलरवर चालेल का?

घाटमाथा_पाटण
ठिकाण पाटण तालुक्यातलं पठार, उंची साधारण 1050 मीटर. पावसाळ्यात तारा तुटल्या की वीज दोन-तीन दिवस येत नाही. सध्याची जुळणी अशी: 540 वॅटची 4 पॅनेल, दोन-दोन सिरीजमध्ये, 60 अँपिअरचा एमपीपीटी (सोलरचा चार्ज कंट्रोलर), एकूण 48 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) 4 ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या. रोजचा वापर 4 युनिट: फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, अर्धा तास मोटर. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे बॅटरी भरत नाही. विक्रेता 1 किलोवॅटची पवनचक्की सुचवतोय, पात्यांचा व्यास 3 मीटर. ती स्लॅबवर 10 फुटी पाइपवर बसवून वायर त्याच एमपीपीटीला जोडायची, असं त्याचं म्हणणं. घराच्या पश्चिमेला 40 मीटरवर सिल्व्हर ओकची रांग आहे, 12 मीटर उंच. हे बरोबर होईल का?

तारजोडणी
नाही. सोलरच्या कंट्रोलरला पवनचक्की अजिबात जोडू नका.

बॅटरी भरली की एमपीपीटी पॅनेलकडून करंट घेणं थांबवतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, ते नुसतं तापतं. पवनचक्कीवरचा भार मात्र असा अचानक काढला की पाती मोकाट फिरतात, व्होल्टेज दुपटीच्याही वर जातं, आधी कंट्रोलर जळतो आणि मग पाती किंवा बेअरिंग जातं. म्हणून पवनचक्कीला वेगळा कंट्रोलर लागतो. तो तिला कधीच मोकळी सोडत नाही, जास्तीची वीज डंप लोडमध्ये, म्हणजे विजेची उष्णता करणाऱ्या रेझिस्टरमध्ये, जाळतो. दोन्ही कंट्रोलर बॅटरीच्या एकाच बसबारवर (जोडणीच्या जाड धातूपट्टीवर) येतात, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज.

डंप लोड पवनचक्कीच्या कमाल उत्पादनाच्या दीडपट धरा. 1500 वॅट, 58 व्होल्टला रोध निघतो 2.2 ओहम. इथे एक चूक हमखास होते: गिझरचं कॉइल डंप लोड म्हणून लावतात. 230 व्होल्टचं 2000 वॅटचं कॉइल 26 ओहमचं असतं, 58 व्होल्टला ते जेमतेम 130 वॅट खातं. त्याचा उपयोग शून्य. वायरवाउंड रेझिस्टर घ्या आणि लाकडापासून लांब, जाळीच्या पेटीत ठेवा.

सेटिंगही जुळलं पाहिजे. सोलरचा अ‍ॅबसॉर्प्शन (बॅटरी पूर्ण भरतानाचं व्होल्टेज) 57.6 व्होल्ट असेल तर डंप सुरू होण्याचं व्होल्टेज 58.4 च्या आसपास ठेवा. डंप 56 वर ठेवलात तर उन्हाळ्यात सोलरचीच वीज दिवसभर हीटरमध्ये जाईल.

पुढेमागे लिथियम बॅटरी घ्यायची असेल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा: बीएमएसने (लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) बॅटरी तोडली की पवनचक्की पुन्हा बिनभाराची होते. डंप कंट्रोलर बॅटरीशिवायही चालणारा हवा.

वाराखुणा
जोडणीचं वर आलंच आहे. मला जागेची जास्त काळजी वाटते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, निम्मा झाला की आठवा भाग उरते. त्यामुळे पाटीवरच्या 1 किलोवॅटला फारसा अर्थ नाही, व्यास आणि वेग बघा. 3 मीटर व्यासाला, तुमच्या उंचीवरची विरळ हवा आणि सगळी गळती धरून, महिन्याची सरासरी 6 मीटर प्रतिसेकंद असेल तर रोज 7 युनिटच्या आसपास मिळतील. 4.5 असेल तर 3, आणि 3 असेल तर एक युनिटसुद्धा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही शेवटची स्थिती गृहीत धरा.

वनकुसवडे-चाळकेवाडीच्या मोठ्या पवनचक्क्या जवळ दिसतात म्हणून आपल्याकडेही तेवढा वारा आहे, असं मानू नका. मोकळ्या सपाटीवरसुद्धा 50 मीटरवरून 10 मीटरवर आलं की ताकद जवळपास निम्मी होते.

त्यात तुमची झाडं पश्चिमेला, म्हणजे नेमकी पावसाळी वाऱ्याच्या तोंडावर. 12 मीटरच्या झाडामागे 200 मीटरपर्यंत वारा घोळत राहतो. घर 40 मीटरवर, म्हणजे ऐन भोवऱ्यात. स्लॅबवर 10 फुटी पाइप लावला तर वीज नगण्य मिळेल, पाती सतत दिशा बदलत झिजतील आणि कंपनाने स्लॅबला तडे जाऊ शकतात. रांगेच्या पलीकडे, पश्चिमेला किमान 30 मीटर पुढे, 12 मीटरचा ताणाचा (चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला) मनोरा उभारा. पठाराची कडा तिथेच असेल तर अगदी कड्यावर नको, तिथे वारा उसळतो. मनोरा बिजागरीचा, आडवा पाडता येणारा घ्या. दर मे महिन्यात खाली उतरवून पात्यांचे बोल्ट, ताणाचे टर्नबकल (तारा आवळायचे स्क्रू) आणि स्लिप रिंग (फिरत्या डोक्यातून वीज खाली आणणारी कडी) तपासावीच लागते.

घाटमाथा_पाटण
मनोरा तिकडे नेला तर वायर 90 मीटर होते. चालेल का? आणि वादळात थांबवायची कशी?

तारजोडणी
चालेल, पण 16 चौरस मिमी तांब्याच्या तीन वायर लागतील. पूर्ण भाराला वायरमध्येच 3 व्होल्ट पडतील, म्हणजे घटतील, तेवढे सोसतात. 6 चौरस मिमीत 8 व्होल्ट पडतात, ते परवडत नाही. तिन्ही फेजला, म्हणजे या तिन्ही वायरना, सर्ज अरेस्टर (विजेच्या लोटापासून वाचवणारं उपकरण) लावा आणि मनोऱ्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडा.

थांबवायला तीन फेज एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक स्विच असतो. तो वारा मंदावल्यावर टाका. पूर्ण वेगात टाकलात तर वाइंडिंग जळू शकतं. वादळाचा इशारा असेल तर आदल्या संध्याकाळीच टाकून ठेवा.

युनिटचा_हिशेब
खर्चाचंही बघा. दाट ढगांत किलोवॅटमागे रोज दीड-दोन युनिट मिळतात, म्हणजे तुमच्या चार पॅनेलवर 3 ते 4. तूट एखाद्या युनिटची. तेवढ्यासाठी मनोरा, पाया, 270 मीटर तांबं आणि दुसरा कंट्रोलर? 540 ची आणखी दोन पॅनेल सिरीजमध्ये घेऊन तिसरी जोडी करा. 60 अँपिअरचा कंट्रोलर 3.24 किलोवॅट पेलतो. तीन जोड्या समांतर झाल्या की प्रत्येकीला फ्यूज हवाच, कमाल किती ते पॅनेलमागच्या लेबलवर असतं. 150 एएच ट्युब्युलरसाठी चार्जिंग करंटची मर्यादा 20-22 अँपिअर ठेवा.

वाराखुणा
बहुतेक दिवसांसाठी हे पटतं. पण सलग धुक्यात तीन किलोवॅट पॅनेलही 4 युनिट देतीलच असं नाही, आणि वारा नेमका तेव्हाच जोरात असतो. दूध थंड करायचं यंत्र वगैरे घेऊन वापर वाढणार असेल तर पवनचक्कीचा विचार जरूर करा. आधी दोन पॅनेल घाला. झाडांपलीकडे 10-12 मीटरच्या पाइपवर नोंद ठेवणारा वेगमापक जूनच्या आत लावा. जून ते सप्टेंबरची सरासरी 5.5 मीटर प्रतिसेकंदाच्या वर आली तर मनोऱ्याचा पाया खणायला घ्या.