वजन कमी करताना नोकरी सोडून डब्यांचा व्यवसाय करावा का?

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते. कमी तेलाच्या घरच्या जेवणाने माझे वजन हळूहळू उतरत आहे. हिशेबनिसाची नोकरी सोडून असेच डबे द्यावेत, असे मनात आहे. परंतु दिवसभर चुलीपाशी राहून खाण्यावर ताबा राहील का?

उत्तर १: ताई, खरी मेख शेंगा चटणीत आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 567 कॅलरी असतात, त्यामुळे डब्यात ती चमच्याने मोजूनच घालावी. कडक भाकरी हाताला हलकी लागते म्हणून लोक दोन जास्त खातात. वाळल्याने तिच्यातले पाणी जाते, पीठ मात्र तेवढेच राहते. आमटीला येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ) लावल्यास तेल कमी असूनही दाटपणा येतो. चव पाहण्यापूर्वी स्वतः जेवून घ्यावे.

उत्तर २: नोकरी लगेच सोडू नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 नुसार घरगुती डब्यांनाही नोंदणी लागते, ती आधी करून शेजारच्या चार घरांना रात्रीचे डबे द्या. गॅस, किराणा आणि उधारी वजा जाता पगाराइतकी रक्कम सलग काही महिने हाती पडली, तरच राजीनाम्याचे पाहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सध्या संध्याकाळचेच डबे सुरू करते.