स्पॅनिशमधली आवडनिवड आणि भावनांची क्रियापदं – 'ले' की 'लो'? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात स्पॅनिश शिकते आहे, 'देले' या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-२ पातळीची तयारी चालू आहे. भावना सांगणाऱ्या क्रियापदांपाशी अडले आहे.

'गुस्तार'चा (आवडणे) प्रश्न नाही. आमचं पुस्तक इंग्रजीतून समजावतं, त्यात यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. आपल्याला मात्र ही रचना आयती मिळाली आहे. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते, 'मे गुस्तान लोस लीब्रोस' म्हणजे मला पुस्तकं आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. दोन कृती असल्या तरी एकवचनच: 'मे गुस्ता नादार इ लेएर', मला पोहायला आणि वाचायला आवडतं. भूतकाळात तर स्पॅनिश आपल्याहून सोपी, आंबा आवडला नि चिंच आवडली असा फरकच नाही, दोन्हीकडे 'मे गुस्तो'. हा धडा आपल्याकडे मराठीतूनच शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. 'मोलेस्तार' (त्रास देणे), 'प्रेओकुपार' (काळजीत टाकणे), 'आसुस्तार' (घाबरवणे) यांच्याबरोबर 'त्याला' किंवा 'तिला' म्हणताना कधी 'ले' (दोघांसाठी) दिसतं, कधी 'लो' (त्याला) किंवा 'ला' (तिला). हा फक्त प्रांताप्रांताचा फरक आहे, की अर्थही बदलतो? शिवाय 'मला आनंद होतो' यासाठी 'मे आलेग्रा' आणि 'मे आलेग्रो दे' दोन्ही बरोबर आहेत म्हणतात. मग कुठे काय वापरायचं? निबंध लिहिताना दर वेळी हात थांबतो. कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद – रानजाई

अर्थ बदलतो. कुणी मुद्दाम काही करत असेल तर 'लो' किंवा 'ला': 'लोस निन्योस ला मोलेस्तान', पोरं तिला त्रास देतात. नुसती एखादी गोष्ट मनाला लागत असेल तर 'ले': 'ले मोलेस्ता एल रुइदो', तिला आवाजाचा त्रास होतो. 'देतात' आणि 'होतो' एवढं मनात म्हणून पाहा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळेल. वाक्य माणसापासून सुरू होत असेल, 'आ मी माद्रे ले प्रेओकूपा...' (माझ्या आईला काळजी वाटते...) असं, तर 'ले'कडेच कल असतो. आणि आईचं नाव घेतलं म्हणून ते 'ले' गाळायचं नाही, मराठीत तसं दोनदा म्हणत नसलो तरी.

स्पेनमधली पुस्तकं वाचत असाल तर एक सांभाळा. तिथे एकट्या पुरुषाबद्दल बोलताना 'लो'च्या जागीही 'ले' म्हणतात आणि स्पॅनिश अकादमीला ते मान्य आहे. म्हणून नियम ताडून पाहायचा तर बाईबद्दलची वाक्यं निवडा, 'ला' आणि 'ले' तिथे स्वच्छ वेगळे दिसतात. 'गुस्तार', 'दोलेर' (दुखणे), 'इम्पोर्तार' (महत्त्वाचं वाटणे) यांना ही भानगड नाही, कायम 'ले'. 'मे' (मला), 'ते' (तुला), 'नोस' (आम्हाला) यांना तर प्रश्नच नाही, रूप एकच.

प्रतिसाद – सांजवारा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'मे प्रेओकूपा मी पाद्रे' म्हणजे मला बाबांची काळजी वाटते, 'मे प्रेओकूपो पोर मी पाद्रे' म्हणजे मी बाबांची काळजी करते. 'मे एन्फादा' आणि 'मे एन्फादो'सुद्धा तसंच: मला राग येतो, मी रागावते. परीक्षेत दोन्ही चालतील, पण मिसळू नका. दुसऱ्या प्रकारात क्रियापद तुमच्याप्रमाणे चालतं आणि सोबत 'दे', 'पोर', 'कोन' यांपैकी एखादं शब्दयोगी अव्यय येतं. ते क्रियापदाबरोबरच पाठ करा ताई, तर्काने सापडत नाही.

पुढे 'के' (की) घालून दुसऱ्याबद्दल बोललात तर दोन्हीकडे सुब्जुन्तीवो, म्हणजे भावना, इच्छा वगैरेंनंतर येणारं क्रियापदाचं वेगळं रूप: 'मे आलेग्रा के बेंगास', 'मे आलेग्रो दे के बेंगास'. तू येतोयस याचा मला आनंद आहे. बी-२ला हे हमखास लागतं.

आणि मेक्सिकोच्या लोकांशी बोलणार असाल तर: तिथे रागावण्यासाठी 'एन्फादार'पेक्षा 'एनोखार' जास्त ऐकू येईल, आणि 'मे दा पेना' म्हणजे बहुधा मला लाज वाटते. स्पेनमध्ये त्याचाच अर्थ मला वाईट वाटतं.