सांगलीत ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटर क्लब सुरू करायचाय, अनुभवी लोकांनी सल्ला द्यावा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. विश्रामबागला आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. पाटबंधारे, एसटी, साखर कारखाना, झेडपीच्या शाळा अशा सगळीकडून निवृत्त झालेले लोक आणि बऱ्याच गृहिणी. संघाच्या हॉलशेजारची खोली रिकामी आहे. एका सभासदाच्या मुलाच्या ऑफिसातून पाच-सहा जुने डेस्कटॉप मिळतायत, सगळे विंडोज १० वाले. तिथं कॉम्प्युटर क्लब काढावा असं चाललंय.

हे का करायचं, तेही सांगतो. आमच्यातल्या बहुतेकांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. फोनवर काही अडलं की तिकडून एकच उत्तर येतं, "बाबा, तुम्ही काही दाबू नका, मी आलो की बघतो." हे ऐकून ऐकून माणसं खरोखरच काही दाबेनाशी झाली आहेत. ज्यांनी कालव्यांची कामं करून घेतली, कारखान्याचे ताळेबंद लावले, ती माणसं तिकीट काढायला शेजारच्या पोराची वाट बघतात. मला हे बघवत नाही.

तर विचारायचं आहे की क्लास काढावा की नुसतं एकत्र बसावं? शिकवणार कोण? आधी काय घ्यावं? फी घ्यावी का? आणि बायका याव्यात म्हणून काय करावं?

अजिंक्यतारा
कृष्णाकाठ, फार चांगलं काम हाती घेताय. साताऱ्यात आमच्याकडे असं मंडळ चालतं, त्यावरून लिहितो.

क्लास काढू नका. फळ्यावर "सीपीयू म्हणजे काय" लिहिलं की दुसऱ्या आठवड्याला निम्मी खोली रिकामी होते. प्रत्येकानं स्वतःचं एक काम घेऊन यायचं आणि ते स्वतःच्या हातानं करून उठायचं, एवढीच आमची पद्धत. कुणाला नातवाच्या मुंजीचे फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायचे असतात, कुणाला लाइटबिल भरायचं असतं. एक निवृत्त तलाठी आले होते. आयुष्यभर सातबारा हातानं लिहिलेला माणूस. त्यांनी महाभूमीच्या साइटवर खातं काढलं, १५ रुपये भरले आणि स्वतःच्या गटाचा डिजिटल सहीचा उतारा उतरवून घेतला. पीकपाण्याच्या नोंदीत कुठला रकाना कुठे गेलाय ते त्यांनी सगळ्या खोलीला समजावून सांगितलं. तो दिवस त्यांचा होता. पुढच्या खेपेला उतारा काढायला बसलेल्यांना तेच शिकवत होते.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शिकवणाऱ्यानं माऊसला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं. "थांबा काका, मी करून देतो" हे वाक्य क्लबात बंद. वेळ लागतो, लागू द्या.

माऊसचं थोडं सविस्तर सांगतो, कारण नवा माणूस तिथंच हिरमुसतो. डबल क्लिक करताना हात थरथरतो, दोन क्लिकच्या मध्ये बाण सरकतो आणि फाइल उघडायच्या ऐवजी भलतीकडेच ओढली जाते. म्हणून आम्ही सुरुवातीला एकदा क्लिक आणि मग एंटर एवढंच सांगतो. सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा, बाण मोठा आणि काळा करा, अक्षरं दीडपट करा. टेबलाच्या कडेला माऊस पोचला की तो उचलून परत मध्ये ठेवता येतो, हे कुणी सांगितल्याशिवाय समजत नाही. लोक तसेच कडेला अडून बसतात. सरावाला पत्त्यांचा सॉलिटेअर लावून द्या. पान उचलून दुसऱ्या पानावर ठेवता आलं की ड्रॅग करणं आपोआप येतं.

लिनक्सवाला_मिरज
मशीनबद्दल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इतकी जुनी मशीन बहुधा ११ घेणार नाहीत, म्हणून टाकून देऊ नका. ४ जीबी रॅम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका, फुकट आहे आणि दिसायला विंडोजसारखंच. जमलं तर जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवा. मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं लागली तर म्हातारा माणूस "आपलंच काहीतरी चुकलं" असं समजतोय, हे मी बघितलंय.

खोली तळमजल्यावर आहे का बघा की ओ. विश्रामबागला पाणी सहसा येत नाही, पण उद्या गावभागात दुसरी शाखा काढली तर वरच्या मजल्यावरच काढा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एक इन्व्हर्टर आणि एक साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या. इंकजेट नको, आठवडाभर वापरला नाही की शाई वाळते. छापून हातात कागद आला की आपल्या लोकांना काम झाल्यासारखं वाटतंय.

प्रवासी_पक्षी
वेगळं मत मांडतो. आता सगळं मोबाइलवर होतं. साठीच्या माणसाला माऊस कशाला शिकवायचा? तीच मेहनत मोबाइलवर घ्या.

अजिंक्यतारा
मोबाइल घ्याच, पण कॉम्प्युटर वगळू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रेल्वेचा लांबलचक फॉर्म पाच इंचावर भरायला लावणं म्हणजे छळ आहे. आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांपैकी कित्येकांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली असते. युनिकोडमध्ये रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी मिळते, ती लावून द्या. आमच्याकडे एका बाईंनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि न बघता परिच्छेद उतरवला. नोकरी सुटल्यापासून त्या बोटांना काम नव्हतं. मोबाइलवर हे झालं नसतं.

ज्यांना टायपिंग येत नाही त्यांना फोनवर बोलून टाइप करायला शिकवा. गुगलच्या कीबोर्डला मराठी बोललेलं चांगलं कळतं.

पासबुक_ताई
मी बँकेतून निवृत्त झाले. पैशाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून नियम करा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

क्लबाच्या मशीनवर नेट बँकिंग नाही. यूपीआय शिकवायचं ते ज्याच्या त्याच्या फोनवर, आणि पिन टाकताना शिकवणाऱ्यानं तोंड फिरवायचं. पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही, हे दर आठवड्याला म्हणा. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली, शेवटी एपीके असलेली, म्हणजे फोनमध्ये अॅप घुसवणारी फाइल उघडायची नाही. कुणी फोनवर एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा फोन बघता-चालवता येणारं अॅप) टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, कोर्ट, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. बँकेची साइट उघडताना पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" आहे का बघायची सवय लावा, रिझर्व्ह बँकेनं बँकांना तसे पत्ते घ्यायला लावले आहेत.

आणि १९३०, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. पैसे गेले की आधी हा नंबर, मग बँक, मग नातेवाईक. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.

पण नियमांपेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. फसलेली ज्येष्ठ माणसं घरात सांगत नाहीत. सून काय म्हणेल, मुलगा फोन काढून घेईल, या धास्तीनं गप्प बसतात आणि १९३० ला फोन करायची वेळ निघून जाते. तुमचा क्लब अशी जागा व्हायला हवी की तिथं येऊन "माझे पैसे गेले" म्हणता येईल आणि कुणी "तुम्ही असं कसं केलंत" म्हणणार नाही. एवढं साधलं तर बाकी काही शिकवलं नाही तरी चालेल, असं मी मनापासून म्हणते.

हळदबाजार
बायकांबद्दल लिहिते, मी स्वतः आमच्या महिला मंडळात आहे. वेळ दुपारी तीन ते पाच ठेवा. सकाळी कितीही बोलावलंत तरी कुणी येणार नाही आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी जायचं असतं. पुरुष मंडळी मशीन अडवून बसतात, म्हणून एक दिवस फक्त बायकांचा. काम त्यांचं त्यांना निवडू द्या. आम्ही भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये घातला. बेरीज आपोआप झाली तेव्हा सगळ्याजणी खुर्च्या ओढून पुढे आल्या. मग भजनी मंडळाचे अभंग मोठ्या अक्षरात टाइप करून छापले. आता प्रत्येकीला आपापल्या आवडीचा अभंग टाइप करायचा असतो.

पेन्शनर_कूपर_कॉलनी
सुरुवातीचा विषय मी सुचवतो, हयातीचा दाखला. तो ऑनलाइन द्यायची सरकारी सोय, जीवन प्रमाण, २०१४ पासून आहे, पण अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून कितीजण हेलपाटे घालायचे. वयानं आणि शेतीकामानं बोटं झिजतात. आता चेहरा दाखवून होतं. फोनवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन अॅप लागतात. आधी एकानं ऑपरेटर म्हणून नोंद करायची, मग त्याच फोनवरून बाकीच्यांचे दाखले काढता येतात. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, आधार, बँक खातं आणि मोबाइल जवळ ठेवा. चेहऱ्यावर उजेड हवा, खिडकीकडे पाठ करून बसवू नका.

केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून. ईपीएस ९५ वाल्यांनी, म्हणजे पीएफ खात्याकडून पेन्शन घेणाऱ्यांनी, कुठल्याही महिन्यात दिला तरी तिथून वर्षभर चालतो. एसटी आणि कारखान्याची मंडळी बरीचशी यातच येतात, त्यांना नोव्हेंबरच्या गर्दीत उभं करू नका. क्लब गणपतीनंतर सुरू करा, नोव्हेंबरापर्यंत चार-पाचजण तयार होतील. मग तेच सभासद अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी फोन घेऊन जातील. अख्ख्या वॉर्डात क्लबाचं नाव होईल.

वाचनमात्र
शिकवणार कोण यावर एक माहिती. फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ साली निवृत्तांसाठी विद्यापीठाशी जोडलेले वर्ग निघाले. ती कल्पना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये केंब्रिजला गेली, तेव्हा तिकडच्यांनी प्राध्यापक ठेवलेच नाहीत, सभासदच सभासदांना शिकवतात. आजही तसंच चालतं. आपल्याकडे कॉलेजची एनएसएसची मुलं जरूर बोलवा, पण जोडीला, मुख्य म्हणून नको. त्यांची परीक्षा आली की क्लब बंद पडतो. शिवाय सत्तरीतल्या माणसाला सत्तरीतल्यानं सांगितलेलं पटतं, "त्याला जमलं तर मलाही जमेल" असं वाटतं.

कृष्णाकाठ
किती आपुलकीनं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. संघाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: क्लास नाही, बुधवार बायकांचा, हयातीच्या दाखल्यानं सुरुवात, लिनक्स मिंट. शिकवायला निवृत्त शिक्षक आणि टेलिफोन खात्यातले दोघे तयार झालेत. खोली पहिल्या मजल्यावर आहे, पण जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, तो दुसऱ्या बाजूलाही बसवून घेतो. दोन शंका राहिल्या. क्लब वेगळा नोंदवावा लागेल का? आणि पासवर्ड लक्षात राहत नाहीत, त्याचं काय?

पासबुक_ताई
वेगळी नोंदणी आत्ता नको. संस्था नोंदवायला किमान सात सभासद, घटना, मग दरवर्षी हिशोब तपासणी आणि धर्मादाय कार्यालयाचे कागद. तुमचा संघ नोंदलेला असेल तर त्याचीच एक समिती करा, ठराव इतिवृत्तात घ्या आणि दान आलेल्या मशीनची पावती द्या. फी थोडी का होईना, घ्या. कागद, शाई आणि इंटरनेटचा खर्च निघाला पाहिजे, आणि पैसे भरलेला माणूस नियमानं येतो.

पासवर्डसाठी एक वही करायला सांगा, घरच्या कपाटात ठेवायची. ती क्लबात आणायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही. त्यात ईमेलचा आणि रेल्वेच्या साइटचा पासवर्ड लिहिला तर हरकत नाही. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र त्या वहीत नको. आणि वही कुठे आहे ते घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला माहीत असू द्या.