अझोर्समधली शाल-काठीवाली पदयात्रा, कुणाला काही माहितीय का?

होटगी_रोडवाला:
नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ लिस्बनला असतो, तो मार्चमध्ये अझोर्समधल्या (अटलांटिकमधली पोर्तुगालची बेटं) साओ मिगेल बेटावर फिरायला गेलेला, तिथनं त्यानं एक फोटो पाठवलाय. पहाटेचा अंधार, बदाबदा पाऊस आणि डांबरी रस्त्याच्या कडेनं बाप्यांची लांब रांग चाललीय, अंगावर शाल, रंगीत रुमाल, हातात काठी अन् माळ, पाठीला झोळी. आई बघून म्हणाली, ही तर दिंडीच की! गुगल केलं तर ज्वालामुखीचं बेट आहे एवढंच डोक्यात शिरलं. ज्वालामुखीचा आणि चालायचा काय संबंध? आणि पुढच्या वर्षी मी गेलो तर मला चालू देतील का?

रविवारची_मिस्सा:
दादा, ते रोमेइरोस, म्हणजे पदयात्री. आमच्या ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारनंतरच्या (हा उपवासाचा पहिला दिवस) शनिवारपासून ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारपर्यंत, गावोगावचे गट निघतात. एकेक गट आठ दिवसांत अख्ख्या बेटाला पायी वळसा घालतो, वाटेत मारियामातेच्या नावाचं चर्च, चॅपल जे लागेल तिथं थांबायचं, प्रार्थना म्हणायची, पुढं निघायचं. रात्री कुणाच्या तरी घरी नाहीतर पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) हॉलमध्ये मुक्काम. हातातली माळ म्हणजे रोझरी, आमची जपमाळ. पूर्वापार पुरुषच चालायचे, आता बायकांचेही गट निघतात म्हणे (उशिराच सुचलं म्हणायचं). मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गटात एक माणूस फक्त लोकांच्या विनंत्या घ्यायला असतो. रस्त्याकडेच्या दारातनं एखादी आजी येते, नवऱ्यासाठी, आजारी नातवासाठी प्रार्थना करा म्हणते, आणि विचारते तुम्ही किती भाऊ आहात? तो आकडा सांगतो. मग सगळे चालता चालता तिच्यासाठी 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणतात आणि आजी घरी बसून तितक्याच वेळा त्यांच्यासाठी म्हणते. हिशोब चोख!

काळा_फत्तर:
संबंध सांगतो. २२ ऑक्टोबर १५२२ च्या रात्री मोठा भूकंप झाला, विला फ्रांका दो कांपू हे तेव्हाचं बेटावरचं मुख्य गाव, त्याच्या वरची डोंगरउतरण सुटली आणि झोपलेलं गाव चिखलाखाली गेलं, हजारो माणसं मेली. बरेच जण हा ज्वालामुखीचा स्फोट होता असं लिहितात, तसं नाही, पण उतरणीवर जुन्या स्फोटांची हलकी राख अन् प्युमिस (सच्छिद्र दगड) साचलेली होती, तीच खाली आली, म्हणजे दोष शेवटी ज्वालामुखीकडंच जातो. वाचलेल्यांनी मारियामातेला साकडं घालत मिरवणुका सुरू केल्या. मग १५६३ मध्ये खराखुरा उद्रेक, फोगो ज्वालामुखीचा, लाव्हा पार रिबेरा सेका गावात. तिथलं लाव्ह्याखाली गाडलं गेलेलं पाण्याचं कारंजं नंतर उकरून काढलंय, भावाला म्हणावं बघून ये. चालायची परंपरा या दोन तडाख्यांतनं आली असं तिथं मानतात. विला फ्रांका गेलं आणि पोंता देल्गादा मोठं झालं, १५४६ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला.
आपल्या सोलापूरच्या पायाखालचा दगडही लाव्ह्याचाच आहे बरं का, फक्त तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, म्हणून आपण निवांत.

सात_रस्ता:
आईंना नमस्कार सांगा, पण दिंडी नाही पटत मला. दिंडीला पंढरपूर गाठायचं असतं, इथं गाठायचं असं ठिकाणच नाही, जिथनं निघाले तिथंच परत. हे आपल्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जवळचं आहे. यण्णीमज्जनाला (तैलाभिषेकाच्या दिवशी) नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, बाराबंदी घातलेली माणसं, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत गावाला प्रदक्षिणा. आणि गंमत बघा, ते रोमेइरोस पण घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच जातात, समुद्र कायम डाव्या हाताला, बेट उजव्या हाताला. कुणी कुणाचं बघून केलेलं नाही हे उघड आहे, त्यामुळं उगीच तिकडं आपली संस्कृती पोचली वगैरे फॉरवर्ड कुणी काढू नका.

होटगी_रोडवाला:
वा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते मग नवस-बिवस नाही का तिकडं?

रविवारची_मिस्सा:
आहे की! त्यासाठी ईस्टरनंतरच्या पाचव्या रविवारी जा, पोंता देल्गादाला सांतु क्रिस्तुचा उत्सव असतो, एस्पेरांसा कॉन्व्हेंटमधली येशूची मूर्ती बाहेर काढतात, रस्त्यावर फुलांचे गालिचे, अमेरिका-कॅनडाला गेलेली पोरंबाळं त्यासाठी घरी येतात. पहिली मिरवणूक १७०० ची. समोरच्या चौकात लोक गुडघ्यांवर सरकत फेऱ्या घालतात, आईंना लोटांगण म्हणून सांगा, लगेच कळेल.
चालायचं म्हणाल तर गट पॅरिशचे असतात, आधी बैठका होतात, ऐन वेळी पाहुण्यानं घुसणं जमणार नाही. आधी पत्र टाकून विचारा. नाहीतर रस्त्याकडेला उभं राहून एखादी प्रार्थना मागा, तेवढी कुणीही मागू शकतं. फक्त ते किती जण आहेत ते विचारायला विसरू नका, पुढचं काम तुमचं असतं.