शोर्युकेन हाताने मारला तरच खेळाडू का?

झेड_जमेना
काल 'स्ट्रीट फायटर 6' या मारामारीच्या गेमच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं, "मॉडर्न कंट्रोलवाले (शॉर्टकट बटणाने मूव्ह काढणारे) खेळत नाहीत, नुसती बटणं दाबतात." डोक्यात गेलं, म्हणून वेगळा धागा. बटणं सगळेच दाबतात हो, तुम्ही काय शंख फुंकता? पुढे, खाली, तिरकं-पुढे आणि पंच, ही शोर्युकेनची (उसळी घेऊन मारायच्या ठोशाची) कवायत मलाही तोंडपाठ आहे. अंगठाच ऐकत नाही. समोरचा उडी मारणार हे मी ओळखतो, अंगठ्याने तोच झेडचा आकार काढतो, निघतो हाडोकेन (हातातून सुटणारा गोळा) आणि तोंडावर लाथ. यात कसली परीक्षा झाली? शिवाय शॉर्टकटने मारलं की 20 टक्के डॅमेज कापतात. दंड भरून खेळतोय.

चार्जवाला_काका
दंडाचं कौतुक नको. शोर्युकेनची सुरुवात 'पुढे'ने होते, म्हणजे मारायला गेलात की गार्ड (मागे दाबून होणारा बचाव) सुटला. गाईल या पात्राला बूम (लांबून फेकायचा वार) सोडायचा तर आधी मागे दाबून बसावं लागतं, तोच चार्ज. दोन पावलं पुढे आला की चार्ज गेला. झांगिफ या पैलवानाच्या पकडीसाठी दांडी गोल फिरवताना 'वर' येतं, म्हणून नवखा उडीच मारतो आणि जाणता दुसऱ्या मूव्हमध्ये लपवून फिरवतो. कमांड हाच त्या पात्राचा स्वभाव. एका बटणावर आणलात की उरलं काय?

झेड_जमेना
पुढे अधिक बटण दाबतानाही गार्ड सुटतोच, काका.

97चा_कॉइन
स्ट्रीट फायटरचं काय घेऊन बसलात राव! 'किंग ऑफ फायटर्स 97' खेळलायत का पार्लरमध्ये? आमच्या एसटी स्टँडमागच्या पार्लरात एक दादा त्यातल्या इओरी या पात्राची पावर (मोठा वार) मारताना डावा हात रुमालाने झाकायचा. दोन वडापाव घालून शिकलो. चोराने शेवटी 'वर' सांगितलं. तीन महिने मी उड्या मारत होतो.

तिरकी_दांडी
इओरीची सोपीच की. पाव गोल मागे, मग अर्धा गोल पुढे.

97चा_कॉइन
ती क्योची, दुसऱ्या पात्राची! इओरीचं आधी पाव पुढे, मग अर्धं मागे. हे माहीत नसलेले लोक इथे बोलतात तरी कशाला?

तिरकी_दांडी
आवाज खाली. आमच्याकडे उजव्या बाजूच्या मशीनची दांडी खाली-उजवीकडे जातच नव्हती. तिथे इओरीचं अर्धं मागे निघणारच नाही, मग पाठ करून उपयोग काय? मी 'डी' हे लाथेचं बटण दाबून लाथा घालत जिंकलोय.

97चा_कॉइन
म्हणजे दांडी मोडकी म्हणून क्यो आणि इओरी एक झाले? धन्य.

भावाची_बहीण
तुमचं होऊ द्या, मग मी बोलते. मला कॉइन मिळायचा तो भाऊ हरायला आला की, उरलेल्या वीस सेकंदांपुरता. वीस सेकंदांत कोण अर्धगोल शिकणार? रुमाल टाकून लपवायचं आणि त्यालाच पुढे 'साधना' म्हणायचं! काका, कमांड म्हणजे पात्राचा स्वभाव, मान्य. पण 1987च्या पहिल्या 'स्ट्रीट फायटर'मध्ये तर हाडोकेन छुपाच ठेवला होता, आणि 'स्ट्रीट फायटर 2'मधले कॉम्बो (एकाला एक जोडलेले वार) मुळात ठरवून केलेलेच नव्हते. ते बरे चालतात तुम्हाला!

चार्जवाला_काका
ताई, कॉम्बोचं बरोबर. बाकी माझं मत बदललेलं नाही. मॉडर्न खेळा, बापडे. फक्त माझा बूम दिसताक्षणी दोन बटणं दाबून सुपर (सगळ्यात मोठा वार) घालून वर 'वाचला होता', म्हणजे आधीच ओळखला होता, असं म्हणू नका. तुम्ही वाचत नाही, डोळे मिचकावता.

झेड_जमेना
डोळे मिचकावून तुम्हाला हरवलं तर दुःख डोळ्यांचं की बूमचं? शनिवारी रात्री ऑनलाइन रूम उघडतो. क्लासिकवर, म्हणजे शॉर्टकटशिवाय येतो, घ्या. हाडोकेन निघाला तर स्क्रीनशॉट काढायचा नाही.

चार्जवाला_काका
काढणार.

तिरकी_दांडी
आत्ता एम्युलेटरवर (जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) बघितलं. इओरीचं आधी पुढेच आहे. दांडीमुळेच घोळ झाला असणार.