मैत्रीपूर्ण लेखनस्पर्धेत क्रमांक असावेत का?

पानगळ (धागालेखिका)

नमस्कार. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनाच्या शतशब्दकथा स्पर्धेची तयारी सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न सर्वांपुढे ठेवते. गेली तीन वर्षे या स्पर्धेचे संयोजन माझ्याकडे आहे. आजवरची पद्धत अशी : कथा नेमकी शंभर शब्दांची, शीर्षक त्यात धरायचे नाही, कथेखाली लेखकाचे नाव, आवडलेल्या कथेला वाचकांनी +१ द्यायचा आणि दहा दिवसांनी मते मोजून पहिले तीन क्रमांक जाहीर करायचे. यंदा मते आणि क्रमांक या दोन्ही गोष्टी काढून टाकाव्यात असे मला वाटते.

मागच्या वर्षी एका सदस्येने आयुष्यातली पहिली कथा या स्पर्धेसाठी लिहिली. पिठाच्या गिरणीत रांगेने ठेवलेल्या डब्यांवरून बायका एकमेकींच्या घरची परिस्थिती ओळखतात, एवढाच तिचा विषय होता. पण अर्धाच भरलेला डबा तो जड असल्यासारखा दोन्ही हातांनी उचलणारी आई तिने अशी उभी केली होती की ती मला आजही दिसते. त्या कथेला दोन मते पडली, त्यांपैकी एक माझे. पहिल्या आलेल्या कथेला तिसाच्या वर मते होती. दोन कथांच्या गुणवत्तेत एवढे अंतर मुळीच नव्हते. एका लेखकाला सगळे ओळखत होते आणि दुसरीला कोणीच ओळखत नव्हते. शिवाय तिची कथा शेवटच्या दिवशी आली, तोवर बहुतेकांचा वाचण्याचा उत्साह ओसरला होता. त्यानंतर तिने काहीही लिहिलेले नाही. मी दोनदा विचारले, तेव्हा ‘मला जमत नाही हे कळले’ एवढेच उत्तर आले. तिला जमत होते. आपण तिला चुकीचे सांगितले, आणि ते मी तक्ता करून सर्वांसमोर जाहीर केले, याची मला मनापासून खंत आहे.

क्रमांकाशिवाय लोक लिहीत नाहीत, असे म्हटले जाते. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्यांचे मित्र, असे एकूण २१ जण, एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायला बसले. पुढे हाच उपक्रम दर नोव्हेंबरला ‘नॅनोरायमो’ या नावाने जगभर चालला. त्यात परीक्षक नव्हते आणि पहिला-दुसराही नव्हता. ५०,००० शब्द पूर्ण करणारा प्रत्येक जण विजेता मानला जाई. तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवले, पण तोपर्यंत एकमेकांना न हरवता माणसे दररोज सुमारे १,६६७ शब्द लिहीत होती. म्हणून माझा प्रस्ताव असा की क्रमांकांऐवजी प्रत्येक सहभागी लेखकाने इतर पाच कथांवर निदान तीन-चार वाक्यांचा अभिप्राय लिहावा. आपली मते कळवावीत.

अर्धविराम

पानगळताई, आपली खंत मला समजते, तरीही प्रस्ताव मान्य नाही. ज्यात कोणी पहिले येत नाही त्याला उपक्रम म्हणावे, मेळावा म्हणावे. स्पर्धा म्हणू नये. नाव स्पर्धेचे ठेवायचे आणि कस लागण्याची वेळ आली की मागे सरायचे, हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुण्यातली महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा घेत आहे. तालमीसाठी मुले रात्र-रात्र जागतात, ‘आवाज कुणाचा’ म्हणत भरत नाट्य मंदिर दणाणून सोडतात, ती शेवटी करंडक आहे म्हणून. २०२२ मध्ये तर परीक्षकांनी एकही एकांकिका त्या योग्यतेची नाही असे ठरवून करंडक कोणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला, पण माझ्या मते त्या निर्णयामुळे करंडकाची किंमत वाढली. जे कोणालाही नाकारता येत नाही, ते मिळाल्याचा आनंद कसा व्हावा?

मी स्वतः निवृत्त झाल्यानंतर लिहू लागलो. याच स्पर्धेत चार वर्षांपूर्वी मला तिसरा क्रमांक मिळाला. घरच्यांनी तोवर माझ्या लिहिण्याकडे रिकामपणाचा उद्योग म्हणून पाहिले होते. त्या दिवशी मुलाने कथा मागून घेऊन वाचली. ‘छान लिहिता’ असे वीस जणांनी म्हटले असते तरी हे घडले नसते. नॅनोरायमोबद्दल एवढेच म्हणेन की तिथे शब्द मोजले जात, लेखनाचे मूल्यमापन होत नसे. आपल्याकडे कथा वाचल्या जातात. वाचायच्या आहेत तर त्यांत डावे-उजवे होणारच.

तळटीप

दोघांचेही म्हणणे वाचले. माझ्या मते दोष क्रमांकांचा नसून कथेखालच्या नावाचा आहे. पानगळ यांनी स्वतःच लिहिले आहे की एका लेखकाला सगळे ओळखत होते. मग उपाय तिथेच करायला हवा.

हायकू शिरीष पै यांच्यामुळे आपल्या परिचयाचा झाला, पण जपानमध्ये हायकू लिहिणारी मंडळी एकत्र बसून जी ‘कुकाई’ भरवतात, तिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. प्रत्येक जण आपले हायकू कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर नाव न घालता लिहितो. सगळ्या पट्ट्या एकत्र करून मिसळतात आणि पुन्हा वाटतात. मग आपल्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांवरचे हायकू प्रत्येक जण कोऱ्या कागदावर आपल्या हाताने उतरवून काढतो. हेतू एवढाच, की अक्षरावरून कवी ओळखू येऊ नये. ते कागद सर्वांच्या हातांतून फिरतात, प्रत्येकाने ठरावीक संख्येने हायकू निवडायचे असतात आणि स्वतःचा निवडायचा नसतो. निवडलेले हायकू मोठ्याने वाचले जातात, आणि आपला हायकू वाचला गेला की कवी त्या क्षणी आपले नाव सांगतो. त्या खोलीत गुरूही असतो आणि पहिल्यांदा आलेला विद्यार्थीही. पण नाव उच्चारले जाईपर्यंत कोणाला काही ठाऊक नसते.

आपल्याला तर हस्ताक्षराचीही अडचण नाही. कथा एका सदस्याकडे पाठवाव्यात, त्याने क्रम बदलून सगळ्या एकाच दिवशी, नावांविना प्रकाशित कराव्यात. शेवटच्या दिवशी आलेल्या कथेवरचा अन्यायही त्यामुळे दूर होईल. गिरणीच्या कथेला अशा वेळी किती मते पडली असती, याचा विचार जरूर करावा.

त्याच देशातली एक जुनी हकिगतही इथे नोंदवते. ९६० साली सम्राट मुराकामी यांच्या दरबारात दोन पक्षांत काव्यस्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत तादामी आणि कानेमोरी या दोघांच्या कविता समोरासमोर आल्या. दोन्हींचा विषय लपवून ठेवलेले प्रेम. परीक्षकाला निर्णय देता येईना. तेवढ्यात सम्राट कानेमोरीची कविता हलक्या आवाजात गुणगुणत असल्याचे त्याच्या कानांवर आले, आणि त्यावरून कानेमोरीला विजयी ठरवण्यात आले. पराभवाच्या दुःखाने तादामी अन्नपाणी सोडून मरण पावला, अशी आख्यायिका आहे. पुढे तेराव्या शतकात शंभर कवींच्या एकेका कवितेचा जो प्रसिद्ध संग्रह झाला, त्यात या दोन्ही कविता शेजारी-शेजारी आहेत.

कोरा कागद

तळटीप यांनी दिलेली माहिती फार आवडली, पण नावे लपवण्याला माझा विरोध आहे. आपण एकमेकांना ओळखतो हीच या मंडळाची श्रीमंती आहे. दुबईत नोकरी करणारा आमचा एक मित्र गावच्या एसटी स्थानकावर कथा लिहितो, तेव्हा ती त्याने लिहिली आहे हे माहीत असल्यामुळे मी ती वेगळ्या ओलाव्याने वाचतो. मित्राला दिलेला +१ म्हणजे वशिला नव्हे. ती पाठीवरची थाप आहे.

क्रमांक मात्र मलाही नकोत. गझल लिहिणारे तरही करतात, तसे आपण का करू नये? एक ओळ दिली जाते. त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात (म्हणजे तेच यमक आणि त्यामागून पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द राखून) प्रत्येक जण आपली गझल बांधतो. एकच ओळ कोणी विरहाकडे नेली, कोणी बाजाराकडे नेली, हे पाहण्यातच रंगत असते आणि पहिला कोण हे विचारण्याची आठवणही राहत नाही.

आणि सक्तीचा अभिप्राय कृपया नको. दिवसभर काम करून रात्री अकरा वाजता पाच कथांवर चार-चार वाक्ये लिहायला लावली तर माणूस एकच मजकूर पाच ठिकाणी डकवतो. त्यापेक्षा मनापासून लिहिलेले एक वाक्य बरे.

रेघोटी

मूळ प्रश्नाला धरूनच, पण थोड्या वेगळ्या बाजूने लिहिते. क्रमांक द्यायचे असतील तर नियम पक्का हवा, आणि आपला शंभर शब्दांचा नियम पक्का नाही.

नेमक्या शंभर शब्दांत गोष्ट सांगण्याचा हा प्रकार ब्रिटनमधील विज्ञानकथाप्रेमींनी १९८० च्या दशकात रूढ केला; त्याला ते ‘ड्रॅबल’ म्हणत. इंग्रजीत शब्द मोजणे सोपे आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहायची असतात. ‘झाडाखालून’ हा आपला एक शब्द आहे. हिंदीत त्याचे चार होतात. त्यामुळे मराठीच्या शंभर शब्दांत बराच ऐवज मावतो, आणि तो किती मावतो हे लेखकाच्या लेखननियमांच्या जाणकारीवर ठरते. ‘घराच्या समोरच्या अंगणात’ लिहिणाऱ्याचे तीन शब्द खर्च होतात, ‘घरासमोरच्या अंगणात’ लिहिणाऱ्याचे दोन. इथवर मी याला कौशल्य म्हणेन. पण ‘निघूनगेला’, ‘बघतराहिली’ अशी क्रियापदे जोडून शंभराचा आकडा गाठलेली कथा मागच्या वर्षी पात्र ठरली, आणि माझी अपात्र ठरली. माझ्या कथेत नेमके शंभर शब्द होते, पण दोन ठिकाणी दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून संयोगचिन्ह दिले होते. संगणक मोकळ्या जागांवरून शब्द मोजतो, त्यामुळे त्याने त्या दोन आडव्या रेघांनाही शब्द मानले आणि संख्या १०२ दाखवली.

मला त्याचा राग आला होता, हे इथे स्पष्टपणे लिहिते. तीन रात्री एकेक शब्द काढत बसले होते. ‘हळूच’ ठेवायचा की ‘मग’ ठेवायचा, यावर अर्धा तास घालवला होता. स्नेहाची स्पर्धा आहे असे म्हणून नियमांत ढिलाई ठेवली की ज्याने नियम मनापासून पाळला त्याचाच त्यात तोटा होतो. क्रमांक ठेवा अथवा काढा, पण शब्द माणसाने मोजावेत.

अर्धविराम

रेघोटी यांच्याशी पूर्ण सहमत. तळटीप यांची नावे झाकण्याची सूचनाही मला मान्य आहे. किंबहुना ती आधीच सुचायला हवी होती. माझा तिसरा क्रमांक ओळखीपाळखीतून आला होता का, हा प्रश्न कालपासून मनात आहे, आणि तो पडू नये यासाठी तरी नावे झाकलेलीच बरी. कोरा कागद यांनी पाठीवरची थाप म्हटले, पण अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप कोणी द्यायची?

क्रमांकांचा आग्रह मात्र मी सोडत नाही. तळटीप यांची हकिगत माझीच बाजू मांडते. तादामी हरला तरी त्याची कविता हजार वर्षांनंतरही विजेत्या कवितेच्या शेजारी उभी आहे. निकालाने कविता पुसली गेली नाही. उलट त्या अटीतटीच्या सामन्यामुळे दोन्ही कविता लोकांच्या स्मरणात राहिल्या.

पानगळ

अर्धविरामकाका, कविता टिकली हे खरे आहे, पण आख्यायिकेतला माणूस गेला, आणि मला काळजी माणसाची आहे. आपण शंभर कवींचा संग्रह करत नाही. पुढच्या फेब्रुवारीत हीच माणसे पुन्हा लिहायला बसावीत एवढीच माझी अपेक्षा आहे. करंडकासाठी उतरणारी मुले हरतात तेव्हा दहा-पंधरा जण एकत्र हरतात आणि एकमेकांना सावरतात. कथा लिहिणारा एकटा असतो.

रेघोटी, आपली अपात्रता हा माझा दोष होता. मी संगणकाच्या आकड्यावर विसंबले. आपली क्षमा मागते आणि ती कथा यंदाच्या स्पर्धेबाहेर, पण स्पर्धेच्या कथांसोबत प्रकाशित करण्याची परवानगी मागते.

चर्चेनंतर माझा प्रस्ताव असा बदलते. कथा एकत्र येतील आणि नावांविना, एकाच दिवशी प्रकाशित होतील. वाचकाने स्वतःची सोडून तीन कथा निवडाव्यात आणि प्रत्येकीसाठी ती का निवडली हे एका वाक्यात लिहावे. त्या वाक्याशिवाय निवड धरली जाणार नाही. सक्तीचे अभिप्राय मागे घेते. दहा दिवसांनी नावे उघड करू, म्हणजे कोरा कागद यांना मित्राची कथा मित्राची म्हणून पुन्हा वाचता येईल. सर्वाधिक वेळा निवडली गेलेली एक कथा ‘वाचकांची निवड’ म्हणून जाहीर होईल. बाकी कोणाला किती मते पडली याचा तक्ता मी लावणार नाही. ज्याला आपला आकडा हवा असेल त्याने मला व्यक्तिशः विचारावा. निवडीची वाक्ये मात्र ज्या-त्या कथेखाली सर्वांना दिसतील. दोनच जणांनी निवडलेल्या कथेखालीही दोन कारणे असतील, आणि गिरणीच्या कथेखाली मागच्या वर्षी तीच नव्हती.

अर्धविराम

पहिला क्रमांक ठेवायचा आणि दुसरा-तिसरा काढायचा, हे मला अजूनही पटत नाही. तिसऱ्या क्रमांकाने माणसाला काय मिळते ते मी वर लिहिले आहे. माझा विरोध नोंदवून ठेवावा. पुढच्या वर्षी हा विषय मी पुन्हा काढणार आहे.

यंदा कथा माझ्याकडे पाठवाव्यात. ज्याच्याकडे नावे असतील त्याने स्पर्धेत नसलेले बरे, म्हणून मी या वेळी लिहिणार नाही. सगळ्या कथा एकाच टंकात, एकाच मांडणीत घेईन, आणि शब्द कागदावर पेन्सिलीने टिंबे देत मोजेन, संयोगचिन्हे वगळून.